सीमेवरचे संपादक

१२ मे १९४६ रोजी बेळगावच्या साहित्य संमेलनात एक ठराव झाला. मराठी बोलणाऱ्यांचा सलग मुलूख एका राज्यात आणावा, असा त्याचा आशय. संमेलनांत ठराव होतच असतात आणि बहुतेक ठराव मंडपाबरोबरच उतरतात. हा उतरला नाही. अडीच महिन्यांत, २८ जुलैला, शंकरराव देवांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत परिषद भरली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला संघटनेचे अंग मिळाले. पुढच्या चौदा वर्षांचा इतिहास महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. पण त्या ठरावाच्या वेळी अध्यक्षाच्या खुर्चीत कोण होते, याकडे फारसे कोणी थांबून पाहत नाही.

अध्यक्ष होते गजानन त्र्यंबक माडखोलकर. वाचकांना ते कादंबरीकार म्हणून माहीत असले, तरी त्यांचा रोजचा धंदा संपादकाचा. नागपूरच्या ‘तरुण भारत’चे ते संपादक. ते नागपूरहून बेळगावला आले, म्हणजे मराठी मुलखाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आले. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात, बेळगाव मुंबई इलाख्यात आणि मधला मराठवाडा निजामाकडे. तीन राजवटींत तुटलेला मुलूख एकच आहे, हे वाक्य नागपूरच्या संपादकाने बेळगावात उभे राहून बोलण्याला वजन होते. बेळगावातही ‘तरुण भारत’ नावाचे पत्र होतेच, पण ते वेगळे, स्वतंत्र. बाबूराव ठाकुरांनी ते १९१९ साली काढले होते.

बेळगावला संपादक अध्यक्ष नवा नव्हता. १९२९ साली याच गावात संमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष होते ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे. राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंग भोगलेला संपादक. त्याच्याही आधी, एप्रिल १९१६ मध्ये, ‘केसरी’च्या संपादकाने, म्हणजे टिळकांनी, होमरूल लीगची स्थापना केली तीही बेळगावातच. तेव्हा बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी वाचकाच्या मनात संपादक आणि पुढारी ही दोन वेगळी माणसे कधी नव्हतीच. इंग्रजी राजवटीत मताचा अधिकार मूठभरांना होता. विधिमंडळ होते, पण त्यात आपले म्हणणे मांडायला आपला माणूस असेलच असे नाही. मग आठवड्याला येणारे चार पानांचे पत्र हीच लोकांची सभा. अग्रलेख म्हणजे भाषण, वाचकांची पत्रे म्हणजे चर्चा, आणि सरकारने जामीन मागितला की तोच विजयाचा दाखला.

स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळाले. आता पत्राने काय करायचे? हा प्रश्न त्या दशकात देशभर होता. १९५२ साली सरकारने न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला, १९५४ साली त्याचा अहवाल आला, १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. वृत्तपत्र हा एक व्यवसाय आहे, त्याला पगार, रजा, नियम हवेत, ही समज हळूहळू रुजत होती. पुण्यात नानासाहेब परुळेकरांनी १९३२ पासूनच ‘सकाळ’ वेगळ्या वाटेने चालवला होता. आधी बातमी, मग मत. अमेरिकेत शिकून आलेल्या या माणसाला सामान्य वाचकाला रोजच्या जगण्याची खबर द्यायची होती, त्याला कोणत्या पक्षामागे न्यायचे नव्हते.

सीमेवरच्या चिकोडी तालुक्यात मात्र ही वाट लागू पडणे कठीण होते. कारण इथे मत मिळाले, पण ज्या प्रश्नावर लोकांना मत द्यायचे होते तो प्रश्न मतपेटीच्या आवाक्यात आला नाही. आपण कोणत्या राज्यात राहायचे, हे राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद ठरवते. संबंधित विधिमंडळाचे मत विचारले जाते, पण ते बंधनकारक नाही. आणि त्या गावच्या, त्या तालुक्याच्या माणसाला तर कोणी विचारायचेच नाही, अशी ती रचना. तालुक्याच्या मतदाराने आमदार निवडावा, खासदार निवडावा, पण आपल्या गावाचा कारभार कोणत्या भाषेत चालावा हे दिल्लीकडून ऐकावे. या पोकळीत संपादक पुन्हा उभा राहिला. माझ्या मते त्याला दुसरा मार्ग नव्हता, आणि तो उभा राहिला हे योग्यच झाले.

हा पेच एका दिवसात तयार झालेला नाही. १९२० साली नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या केल्या आणि बेळगाव जिल्हा कर्नाटकाच्या समितीत गेला. सरकारी नकाशावर मुंबई इलाखा, काँग्रेसच्या नकाशावर कर्नाटक, आणि बेळगाव शहराच्या पेठांत, निपाणीच्या बाजारात मराठी. देशासाठी लढणाऱ्या मराठी संपादकाला आपल्याच पक्षाच्या नकाशाशी भांडण मांडावे लागले. दुसऱ्या बाजूने पाहिले तरी चित्र असेच दिसते. कर्नाटकच्या एकीकरणाचे स्वप्न आलूर वेंकटराव यांनी धारवाडात बसून नियतकालिकांतूनच रंगवले. ‘संयुक्त कर्नाटक’ हे कन्नड पत्र बेळगावातच वाढले आणि मग हुबळीला गेले. त्याच्या नावातच त्याचा कार्यक्रम होता. गंगाधरराव देशपांडे हे तर कर्नाटक काँग्रेसचे अध्वर्यू, पण आपली जीवनकथा त्यांनी मराठीत लिहिली. एकाच गावात दोन भाषांची पत्रे छापली जात होती, आणि दोन्हीकडचे संपादक आपल्या वाचकाला आपापले राज्य दाखवत होते. कन्नड संपादकाला खलनायक करून ही गोष्ट सांगता येत नाही. तोही आपल्या लोकांसाठी तेच करत होता.

१० ऑक्टोबर १९५५ रोजी राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर या तिघांच्या आयोगाने बेळगाव जिल्ह्यातला फक्त चंदगड तालुका मराठी मुलखाकडे ठेवला. बाकी जिल्हा, म्हणजे बेळगाव, खानापूर, चिकोडी, सगळा कर्नाटकात. आयोगाने हिशोब जिल्ह्याचा केला. चंदगड तालुक्यात मराठी इतकी ठळक होती की तो वेगळा काढावाच लागला. बेळगाव शहर आणि निपाणी यांच्यासाठी मात्र जिल्ह्याखालची पायरी उतरायला आयोग तयार झाला नाही. खेडे हा घटक धरा, सलगता आणि लोकांची भाषा पाहा, हा आग्रह महाराष्ट्राने नंतर धरला. आंध्र-मद्रास सीमावादातल्या पाटसकर निवाड्याच्या सूत्रावर आधारलेली ती मागणी सीमाभागाच्या प्रत्येक निवेदनात आजही असते.

१६ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून निर्णय सांगितला. मुंबई केंद्राच्या ताब्यात. मुंबई पेटली हे सर्वांना माहीत आहे. त्याच वेळी, १७ जानेवारीला, बेळगाव आणि निपाणीतही लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बेळगावात मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, लक्ष्मण गावडे आणि महादेव बारागडी पडले. निपाणीत कमळाबाई मोहिते. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या यादीत निपाणीचे नाव एका बाईमुळे आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आजही सीमाभागात १७ जानेवारी हा हुतात्मा दिन पाळतात. १९७१ साली याच दिवशी बेळगावच्या सभेत बोलून बॅरिस्टर नाथ पै मुक्कामी परतले आणि त्या रात्रीनंतरची सकाळ त्यांनी पाहिली नाही.

त्या काळी तालुक्याच्या गावात बातमी कशी पोचत असे, हे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय संपादकाच्या वजनाचा अंदाज येत नाही. रेडिओ मोजक्या घरांत. पुणे–बंगळूर रस्ता निपाणीतून जातो. कोल्हापूर जवळ, बेळगाव त्या मानाने लांब. म्हणून निपाणीच्या बाजारात बेळगावच्या पत्रांइतकीच कोल्हापूरची पत्रे चालत. ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’ आणि बाळासाहेब पाटलांचा ‘सत्यवादी’ ही दोन्ही ब्राह्मणेतर चळवळीच्या मातीत उगवलेली. बेळगावात शामराव देसाईंचे ‘राष्ट्रवीर’ त्याच परंपरेतले. एसटीच्या टपावरून गठ्ठा उतरला की एजंट तो सोडी, आणि एक अंक वीस माणसांत फिरे. वाचता येणारा एखादा मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. वार्ताहर म्हणजे पगारी माणूस नव्हे. शाळामास्तर, वकिलाचा कारकून, नाहीतर दुकानदार. तो सकाळी मोर्चात चाले आणि रात्री त्याच मोर्चाची बातमी लिही. छापखान्यात खिळेजुळारी एकेक अक्षर उचलून ती बातमी उभी करी, आणि ट्रेडलवर पाय चालला की दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच बाजारात परते. ज्यांनी घडवली त्यांच्याच हाती बातमी छापून येई. तटस्थता या शब्दाला इथे जागा कुठे होती?

मुंबईत तर संपादकाने सगळा रंगमंचच व्यापला. १९५६ च्या ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबरला नवी राज्ये अस्तित्वात आली, बेळगाव, खानापूर, चिकोडी म्हैसूर राज्यात गेले, आणि पंधरा दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केले. त्या पत्राने लाखो वाचकांना रोज सकाळी रणशिंग ऐकवले. प्रबोधनकार ठाकरे लिहीत होते, अण्णा भाऊ साठ्यांच्या छक्कडीत बेळगाव-कारवारचे दुःख आले. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा गल्लीतल्या पोरांच्या तोंडी झाली, ती सभांनी आणि मथळ्यांनी मिळून. निपाणी हे तेव्हा चिकोडी तालुक्यातले एक बाजाराचे गाव, पण त्या घोषणेने ते नाव विदर्भ-कोकणापर्यंत नेले.

१९५७ च्या निवडणुकीत अत्रे मुंबईत आमदार झाले. इकडे बेळगावातून महाराष्ट्र एकीकरण समितीचे सुंठणकर निवडून आले. मराठी इतिहासाचे अभ्यासक म्हणूनही ते ओळखले जातात. खानापूर, निपाणीनेही समितीलाच कौल दिला. हे आमदार बसणार बंगळुरात, ज्या राज्यात आपण राहू नये असे सांगण्यासाठी लोकांनी त्यांना निवडले त्याच राज्याच्या विधानसभेत. चिकोडीच्या लोकसभा मतदारसंघातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे दत्ता कट्टी निवडून आले. हा निकाल माझ्या दृष्टीने त्या निवडणुकीतला सर्वांत बोलका. भाषेची चळवळ आणि दलितांची चळवळ यांचे हात काही काळ एकमेकांत आले, म्हणून तो लागला.

इथे जरा मागे जायला हवे. कारण निपाणीला दलितांच्या राजकारणात आधीपासून जागा होती. एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीत भरली. पाच वर्षांपूर्वी, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले होते. शाहू महाराजांनी त्याला पैशांची मदत केली. त्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. ‘मूकनायक’ १९२३ पर्यंत बंद पडले आणि ‘बहिष्कृत भारत’ निघायला ३ एप्रिल १९२७ उजाडायचा होता. म्हणजे निपाणीच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांकडे पत्र नव्हते. हजारोंना बोलायला सभा होती, पण सभा उठल्यावर त्यांचे बोलणे गावोगाव नेणारा कागद नव्हता. ज्यांच्याकडे पत्र नाही त्यांचे दुःख इतरांच्या पत्रात कसे येते, किंवा येत नाही, हे बाबासाहेबांनी पुरते ओळखले होते. टिळकांच्या परंपरेतला संपादक साऱ्या लोकांचा वकील म्हणून बोलत होता. पण ‘लोक’ म्हणताना त्याच्या मनात कोण असे, हा प्रश्न ‘मूकनायक’ने १९२० मध्येच उभा केला. सीमाभागाच्या पत्रकारितेला तो साठ वर्षांनी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पुन्हा भेटला.

मधल्या वर्षांत भाषेचा लढा लांबत गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, तो बेळगाव-निपाणीविना. १९६६ च्या ऑक्टोबरात मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, १९६७ च्या ऑगस्टात त्यांचा अहवाल आला. बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, खानापूर, नंदगड आणि निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, आणि अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या भागांतली २४७ गावे म्हैसूरने घ्यावीत, असा त्यांचा तोडगा. महाराष्ट्राने तो फेटाळला. बेळगाव सोडून काही मान्य करणे हा विश्वासघात ठरला असता, असे त्या वेळचे वातावरण होते, आणि मराठी पत्रांनी अहवालाची चिरफाड केली. चिरफाड रास्तच होती. बेळगावबद्दलचे महाजनांचे तर्क मलाही पटत नाहीत. पण निपाणीच्या माणसाचे काय? त्याचे गाव ज्या अहवालात त्याला हवे त्या बाजूला गेले होते, तोच अहवाल त्याच्यासाठी बोलणाऱ्यांनी नाकारला. निपाणी कर्नाटकातच राहिली. त्यावर निपाणीकरांचे स्वतंत्र म्हणणे काय, हे त्यांना वेगळे विचारावे असे कोणाला वाटले नाही. सगळ्या सीमाभागासाठी लढणाऱ्या आवाजात एका गावाचा आवाज विरघळून गेला.

त्याच वर्षी शेजारच्या गोव्यात वेगळे घडले, आणि ती तुलना टाळता येत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी, सीमाभागाच्या हुतात्मा दिनाच्या आदल्या दिवशी, गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश राहायचे? सालाझारच्या राजवटीत सेन्सॉरची कात्री सोसलेल्या गोव्यात मुक्त वृत्तपत्रांना जेमतेम पाच वर्षे झाली होती. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने लढला. ‘राष्ट्रमत’ विरुद्ध, त्यात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ गाजले. दोन्ही दैनिके मराठी. गोव्याचा वाचक सकाळी दोन्ही वाचू शकत होता, चहाच्या दुकानात दोन्ही पक्षांचा समाचार घेऊ शकत होता, आणि मग मतपेटीपाशी जाऊन आपले ठरवू शकत होता. विलीनीकरण हरले. महाराष्ट्रातल्या अनेकांना ते लागले. पण त्या वादात पत्रकारांनी लोकशाहीला जे दिले ते सीमाभागाला कधी मिळाले नाही. बेळगावात वाद दोन भाषांच्या पत्रांत होता. मराठी वाचक मराठी पत्र वाचे, कन्नड वाचक कन्नड. दोघांच्या अग्रलेखांची गाठ एका डोळ्यांपुढे क्वचितच पडली, आणि शेवटी दोघांनाही मतपेटी मिळाली नाही.

आता वखारीकडे वळतो.

निपाणी तंबाखूची मोठी पेठ. चिकोडी तालुक्याच्या शेतात पिकणारी विडीची तंबाखू इथे येई. शेतकरी ती व्यापाऱ्याला देई, व्यापारी भाव ठरवी, वजनात कडता काढी, पैसे पुढे ढकली. मग वखारीत बायका ती कुटत, चाळत, भुकटी वेगळी करत. माल उडून वाया जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. आतल्या धुराळ्यात नाकातोंडाला पदर बांधून दिवसभर काम, अंगावर तंबाखूचा थर, खोकला कायमचा, आणि मजुरी मुकादमाच्या मर्जीवर. शिवाय घराघरांत विड्या वळणाऱ्या बायका वेगळ्या. त्यांची मोजलेली विडी मालक ‘छाट’ म्हणून बाजूला टाकी, पण ती बाजारात विकली जाई. या बायका मराठी बोलणाऱ्या होत्या, कन्नड बोलणाऱ्या होत्या. त्यांत दलित होत्या, मुसलमान होत्या. सीमाप्रश्नावर हजारो शब्द छापणाऱ्या दोन्ही भाषांच्या पत्रांना या वखारी दिसत नव्हत्या असे नाही. वखारी गावातच होत्या. पण त्या बातमी ठरल्या नव्हत्या. भाषेच्या लढ्यात मालकही ‘आपला’ असतो आणि मजूरही ‘आपला’. आपल्यातल्या भांडणाने लढा दुबळा होईल ही भीती खरी होती, आणि त्या भीतीचा सगळा बोजा मजूर बायकांवर पडला.

बातमी झाली ती बाहेरून आलेल्या एका लेखकामुळे. अनिल अवचटांनी निपाणीत येऊन या बायकांबरोबर बसून लिहिले. त्यांचे ‘माणसं’ हे पुस्तक १९८० साली आले. त्यांची रीत अग्रलेखाची नव्हती. ते वखारीत जात, नाकात जाणारी तंबाखू स्वतः झेलत, बाई काय बोलते ते तिच्या शब्दांत टिपून घेत. कोणत्या राज्यात राहायचे हा प्रश्न ते विचारत नव्हते. रोज किती मिळतात, मुकादम काय करतो, पोरे कुठे ठेवता, हे विचारत होते. हे लिखाण पुण्या-मुंबईच्या वाचकांना हादरवून गेले. निपाणीत प्रा. सुभाष जोशी या बायकांच्या कामाला लागले होते. ते देवचंद कॉलेजात शिकवत. कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे निपाणीला खेटून, पण कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. निपाणीचा विद्यार्थी राज्याची सीमा ओलांडून वर्गात बसतो आणि संध्याकाळी पुन्हा ओलांडून घरी येतो. ‘चिकोडी तालुका कामगार महासंघ’ उभा राहिला, आणि ज्या बायकांनी आयुष्यात मालकापुढे मान वर केली नव्हती त्या मजुरीसाठी वखारीच्या दारात उभ्या राहिल्या. छाया दातारांचा या बायकांवरचा अभ्यास १९८९ साली पुस्तकरूपाने आला, तेव्हा निपाणीच्या वखारीतली बाई जगाच्या स्त्री-चळवळीच्या चर्चेत पोचली होती.

शेतकऱ्याची पाळी लगेच आली. शेतकरी संघटनेचे शरद जोशी चाकणचे कांदा आंदोलन करून आलेले. त्यांनाही आधी पत्र काढावे लागले होते. ‘वारकरी’ साप्ताहिक १९७९ साली निघाले, कारण शेतमालाच्या भावाचे अर्थशास्त्र शहरी पत्रांत सावकाश समजावून द्यायला जागा नव्हती. १४ मार्च १९८१ पासून तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ पुणे–बंगळूर महामार्ग अडवला. मराठी आणि कन्नड बोलणारे शेतकरी बायकापोरांसह रस्त्यावरच राहू लागले. चुली मांडल्या, भजने झाली, सभा झाल्या, जणू रस्त्यावर एक गावच वसले. आदल्याच वर्षी नरगुंद-नवलगुंदच्या कन्नड शेतकऱ्यांवर गुंडूराव सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. निपाणीत ६ एप्रिलला तेच झाले. बारा माणसे मेली. विजय परुळकरांनी ‘माणूस’ साप्ताहिकात या चळवळीवर लिहिले आणि त्याचे ‘योद्धा शेतकरी’ हे पुस्तक त्याच वर्षी आले.

१९५६ च्या निपाणीच्या गोळीबाराशी हा गोळीबार ताडून पाहिला की पत्रकाराचे काम किती बदलले ते कळते. १९५६ साली बातमी देणारा स्वतः चळवळीचा माणूस होता आणि शत्रू गावाबाहेरचा होता. १९८१ साली रस्त्यावर दोन्ही भाषांचे शेतकरी एका बाजूला होते. व्यापारी आपल्याच गावचा होता, भाषा तीच होती, आणि तरी भाव मिळत नव्हता. परुळकर किंवा अवचट तटस्थ नव्हते. त्यांची सहानुभूती कोणाकडे आहे हे प्रत्येक ओळीत दिसते. पण त्यांनी सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार घेतला नाही. त्यांनी नाव, गाव, दर, कडता, मजुरी असे तपशील समोर ठेवले, आणि त्या तपशिलांनी वाचकाला स्वतःचे मत करावे लागले. बाबूराव ठाकुरांच्या पिढीला मी कमी लेखत नाही. ज्यांना मतपेटीने विचारले नाही त्यांचे म्हणणे त्या पिढीने चाळीस वर्षे जिवंत ठेवले. तिच्याशिवाय सीमाप्रश्न १९५६ मध्येच फायलीत बंद झाला असता. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा घातला, त्यामागे त्या पत्रांची चिकाटी आहेच. मात्र त्याच पत्रांनी वखारीचे दार एकदा उघडून पाहिले असते, तर निपाणीच्या बायकांना पुण्याच्या लेखकाची वाट पाहावी लागली नसती.

पुढे सुभाष जोशी निपाणीतून कर्नाटकाच्या विधानसभेवर गेले, जनता दलाकडून. मराठी बोलणारा, कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या चळवळीतून आलेला आमदार बंगळुरात जाऊन बसला, आणि त्याच्या मागे उभ्या मतदारांत दोन्ही भाषांचे लोक होते. हुतात्मा दिनाच्या सभा त्या वर्षांतही निपाणीत भरत राहिल्या, आणि कमळाबाई मोहित्यांचे नाव त्या सभांत आदराने घेतले जात राहिले.